बीटी कपाशीखालच्या मातीवर नजर कशी ठेवायची

विदर्भात पारावर बीटीचा, म्हणजे जनुक बदलून अळीला मारणारी केलेल्या कपाशीचा, विषय निघाला की दोनच मतं ऐकू येतात. एक म्हणतो, बीटीनं जमीन खाल्ली, आता खताशिवाय काही पिकत नाही. दुसरा म्हणतो, मातीला काय कळतं सरकी कोणती पेरली ते. दाखवायला मातीचा कागद मात्र दोघांकडेही नसतो. असला तर मृदा आरोग्य पत्रिका असते. तिच्यात १२ घटक असतात: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र-स्फुरद-पालाश, गंधक आणि पाच सूक्ष्म अन्नद्रव्यं. जिवाणू त्यात नाहीत, गांडुळं नाहीत, बीटीचं प्रथिन तर नाहीच.

मार्च २००२ मध्ये देशात बीटी कपाशीला परवानगी मिळाली, २००६ मध्ये दोन जनुकांची बीटी आली आणि आज महाराष्ट्रातलं जवळपास सगळं कापूसक्षेत्र बीटीखाली आहे. भारतात शेतकऱ्याच्या वावरात इतकी वर्षं कायदेशीररीत्या उभं असलेलं जनुक-बदलाचं पीक हे एवढंच. म्हणून मातीवर नजर ठेवायला शिकायचं तर कपाशीपासूनच सुरुवात करावी. कृषी महाविद्यालयातले विद्यार्थी, शेतकरी गट, उत्पादक कंपनीत काम करणारी मुलं-मुली, कुणालाही हे काम जमण्यासारखं आहे. थोडी साधनं लागतात, चिकाटी बरीच लागते.

आधी प्रश्न लहान करा

‘बीटीचा मातीवर काय परिणाम होतो’ हा प्रश्न तपासता येत नाही, तो फार मोठा आहे. परिणाम कोणत्या वाटेनं होऊ शकतो ते आधी बघायचं आणि त्यातली एक वाट निवडायची.

पहिली वाट प्रथिनाची. बीटीच्या झाडात बॅसिलस थुरिंजिएन्सिस या जिवाणूचं जनुक असतं, त्यामुळे झाड अळीला मारणारं ‘क्राय’ प्रथिन स्वतःच तयार करतं. पहिल्या बीटीत क्राय-१-एसी होतं, नंतरच्या बीटीत त्याच्या जोडीला क्राय-२-एबी आलं. १९९९ मध्ये न्यूयॉर्क विद्यापीठातल्या संशोधकांनी बीटी मक्याच्या मुळांतून हे प्रथिन मातीत झिरपतं असं दाखवलं आणि तेव्हापासून लोक कपाशीबद्दलही तेच सांगत आले आहेत. याच गटानं २००४ मध्ये आणखी पिकं तपासली. मका, बटाटा आणि भात यांच्या मुळांतून प्रथिन झिरपताना दिसलं, कपाशी, तंबाखू आणि कॅनोलाच्या मुळांतून दिसलं नाही. म्हणजे कपाशीत लक्ष ठेवायचं ते गळणाऱ्या पाना-पात्यांवर आणि वेचणीनंतर रोटाव्हेटरनं मातीत मिसळलेल्या पऱ्हाटीवर (कपाशीच्या वाळल्या झाडांवर).

आपल्याकडे यात एक वेगळीच गोम आहे. हे प्रथिन चिकणमातीच्या कणांना, विशेषतः मॉन्टमोरिलोनाइट या खनिजाला, घट्ट धरतं आणि असं धरलं की जिवाणूंना ते सहज खाता येत नाही. आपली काळी कसदार माती याच जातकुळीच्या खनिजांनी भरलेली आहे. अमेरिकेत तीन ते सहा वर्षं सलग बीटी कपाशी घेतलेल्या शेतांत, हंगाम संपल्यावर काही महिन्यांनी, मातीत क्राय-१-एसी सापडलंच नाही, असा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. चांगली गोष्ट आहे. पण ती तिथल्या मातीची, ती वाचून अमरावतीच्या काळ्या मातीबद्दल निकाल देऊ नये.

दुसरी वाट काडीकचऱ्याची: बीटीची पानं-काड्या कुजायला जास्त दिवस लागतात का? बीटी मक्यात लिग्निन (झाडाला कडक करणारा, सावकाश कुजणारा घटक) जास्त आढळल्याचे अहवाल आहेत आणि तसं काही नाही म्हणणारेही आहेत. तिसरी वाट जनुकाची, म्हणजे झाडातलं जनुक मातीतल्या जिवाणूंत जातं का. ती प्रगत प्रयोगशाळेची बाब आहे, नवख्यानं तिच्या नादी लागू नये.

चौथी वाट शेती करण्याच्या पद्धतीची. माझ्या मते आपल्याकडे सगळ्यात मोठी हीच आणि सगळ्यात कमी तपासली जाते तीही हीच. बीटी आल्यावर ज्वारी मागे पडली, कडबा कमी झाला, जनावरं कमी झाली, शेणखत आटलं. पाणी असलेल्यांनी फरदड घेऊन कपाशी फेब्रुवारी-मार्चपर्यंत उभी ठेवली. चोर बीटी, म्हणजे तणनाशक सोसणारी बिगर-मान्यतेची कपाशी, लावणाऱ्यांची डवरणी गेली आणि तणनाशक आलं. यातलं काहीही प्रथिनामुळे झालेलं नाही, पण मातीवर परिणाम करायला यातलं प्रत्येक कारण पुरेसं आहे. तुमच्या तपासणीत फरक दिसला तर तो या वाटेनं आलेला नाही ना, हे आधी बघावं लागेल.

जोडी शोधणं: खरं काम इथंच आहे

एकट्या शेतातल्या मातीचा आकडा मुका असतो. बीटीच्या शेतात सेंद्रिय कर्ब ०.४ टक्के आला, तर तो बीटीमुळे की जमीन बरड म्हणून की वीस वर्षांत शेणखत पडलं नाही म्हणून? सांगता येत नाही. त्याला शेजारी लागतो: तीच माती, तोच उतार, तीच खतं, तोच शेतकरी असला तर उत्तम, आणि फरक फक्त बियाण्याचा.

असा शेजारी मिळणं आता अवघड झालं आहे. पूर्वी ४५० ग्रॅमच्या बीटी पाकिटासोबत १२० ग्रॅम बिगर-बीटी सरकीची वेगळी पुडी यायची, शेताच्या कडेनं लावायला. कित्येकांनी ती लावलीच नाही, पण निदान हाताशी होती. आता बिगर-बीटी बी पाकिटातच मिसळून येतं, त्यामुळे वेगळा पट्टा लावता येत नाही. उरतात ते पर्याय असे.

सगळ्यात चांगला पर्याय म्हणजे ज्या संकरित वाणात बीटी जनुक घातलं त्याचंच बिगर-बीटी रूप. ते संशोधन केंद्राकडून किंवा बियाणे कंपनीकडून मागून मिळालं तर मिळालं. नाही मिळालं तर अमेरिकन कपाशीचं सरळ वाण लावा, केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचं ‘सुरज’ घ्या किंवा अकोल्याच्या कृषी विद्यापीठाचं बिगर-बीटी वाण. देशी कपाशी शेजारी म्हणून धरू नका. तिची जातच वेगळी, मुळं वेगळी, पानगळ वेगळी, म्हणजे फरक बीटीचा की जातीचा हे कळणार नाही. सेंद्रिय कापूसवाल्यांचं शेतही तसंच. तिथं बियाण्यासोबत खत, फवारणी, फेरपालट, सगळंच बदललेलं असतं.

एक जोडी पुरत नाही. किमान चार जोड्या धरा, शक्य तर वेगवेगळ्या शिवारांत. शक्य असेल तिथं शेतकऱ्याकडून एकाच वावरात पट्टे पाडून घ्या: दहा ओळी बीटी, दहा ओळी बिगर-बीटी, पुन्हा बीटी. कोणता पट्टा कुठं हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. शेतकरी हसतील, हसू द्या. आपण ठरवलं की चांगली जमीन नकळत एकाच बाजूला जाते.

बिगर-बीटीत अळी जास्त पडली तर तिथं फवारण्या जास्त होतील, हे आधीच गृहीत धरा. मग बिगर-बीटी पट्ट्यातल्या मातीत कीटकनाशक जास्त गेलेलं असेल आणि तुलना तिरपी होईल. दोन्हीकडे सारखीच फवारणी करायला शेतकरी तयार झाला तर फारच छान. नाही झाला तर कोणत्या तारखेला काय, किती पंप मारले याची नोंद ठेवायची. ही वही मातीच्या नमुन्याइतकीच मोलाची आहे.

झाड बीटी आहे की नाही हे पाकिटावर विश्वास ठेवून ठरवू नका. मिसळलेल्या बियाण्यामुळे बीटीच्या ओळीतही काही झाडं बिगर-बीटी असतात आणि बिगर-बीटी म्हणून आणलेल्या सरकीत बीटीची भेसळ निघते. त्यासाठी पट्टी-चाचणीचं किट मिळतं. कोवळ्या पानाचा तुकडा छोट्या नळीत द्रावणासोबत चिरडायचा, पट्टी उभी बुडवायची आणि थोडा वेळ थांबायचं. एक रेघ उमटली तर चाचणी बरोबर झाली एवढंच समजायचं, प्रथिनाची वेगळी रेघ उमटली तर झाड बीटी. ज्या झाडांभोवतीची माती घेणार आहात त्यांना रंगीत कापडाच्या चिंध्या बांधून ठेवा. बोंडं लागल्यावर सगळी झाडं सारखीच दिसतात.

कधी जायचं

पहिला नमुना पेरणीआधी. तो हुकला तर वर्ष हुकलं असं समजा, कारण नंतर दिसलेला फरक आधीपासूनच होता का, याचं उत्तर त्याच नमुन्यात असतं. दुसरा पात्या-फुलांच्या काळात, पेरणीनंतर साधारण दोन महिन्यांनी. झाडात प्रथिन या काळात चांगलं असतं, पीक शंभर-सव्वाशे दिवसांचं होईतो ते बरंच उतरतं. तिसरा वेचणी संपताना आणि चौथा पऱ्हाटी मातीत गेल्यावर, पुढच्या पेरणीआधी. हा चौथा नमुना लोक टाळतात, कारण तेव्हा ऊन असतं आणि शेतात कुणी नसतं. प्रथिनाची वाट निवडली असेल तर तोच सर्वांत कामाचा.

तारखेपेक्षा वाफसा बघा, म्हणजे माती ना चिखल ना कोरडी अशी वेळ. जुलैत झडीनंतर काळ्या रानात गेलात तर माती खुरप्याला, हाताला, चाळणीला सगळीकडे चिकटेल आणि नमुना म्हणून गोळे घेऊन याल. दोन-चार दिवस उघडीप मिळून वाफसा आला की जा. जोडीतल्या दोन्ही शेतांत एकाच दिवशी जायचं. मधे एक पाऊस पडला तरी जिवाणूंचे आकडे पार बदलतात.

माती घेणं

धुरा, विहीर, झाडाखालची सावली, उकिरड्याची जागा आणि पाटाचं तोंड सोडून द्या. वावरात नागमोडी चालत दहा-पंधरा ठिकाणी इंग्रजी ‘व्ही’सारखा १५ सेंटीमीटर खोल खड्डा करा आणि त्याच्या एका बाजूची वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीची चकती काढा. सगळ्या चकत्या घमेल्यात मिसळा, ढिगाचे चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, दोन टाका, असं करत अर्धा किलोवर या. इथवर हे नेहमीच्या माती परीक्षणासारखंच आहे.

पुढं मात्र वेगळं. काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात आणि वरचा पालापाचोळा त्यांत पडून खाली जातो. म्हणून १५ ते ३० सेंटीमीटरचा नमुनाही वेगळा घ्या, नाहीतर वर काही सापडलं नाही म्हणून खूश व्हाल आणि माल खाली असेल. शिवाय मुळांलगतची माती वेगळी घ्यावी लागते. चिंधी बांधलेलं झाड हळूच उपटायचं, झटकून सुटी माती पाडायची आणि मुळांना चिकटून राहिलेली तेवढी मऊ ब्रशनं कागदावर झाडून घ्यायची. मूठभर मातीसाठी चार-पाच झाडं लागतात.

नेहमीच्या परीक्षणासाठी माती सावलीत वाळवतात. जिवाणूंच्या चाचण्यांसाठी वाळवायची नाही. ओलसर मातीच २ मिलिमीटरच्या चाळणीतून काढायची, पिशवीत भरून बर्फाच्या डब्यात ठेवायची आणि प्रयोगशाळेत फ्रीजमध्ये ४ अंशांवर. प्रथिन तपासायचं असेल तर लगेच गोठवायची. उन्हात उभ्या मोटारसायकलच्या डिक्कीत दुपारभर राहिलेल्या पिशवीतल्या जिवाणूंचे आकडे शेताचे नसतात, डिक्कीचे असतात.

पिशवीवर शेतकऱ्याचं नाव किंवा ‘बीटी’ असं लिहू नका, सांकेतिक आकडा टाका आणि यादी वेगळी ठेवा. मोजणाऱ्याला कोणता नमुना कुठला हे कळता कामा नये. दुसरंही कारण आहे. चोर बीटीला सरकारची मान्यता नाही. ज्यानं विश्वासानं वावर दाखवलं त्याचं नाव वहीतून बाहेर पडलं तर पुढच्या वर्षी गावात कुणी उभं करणार नाही, आणि बरोबरच आहे.

स्वतः करता येण्यासारखं

गांडुळं मोजा. पावसाळ्याच्या उत्तरार्धात, सकाळी, २५ सेंटीमीटर लांब, तेवढाच रुंद आणि तेवढाच खोल मातीचा ठोकळा काढून पोत्यावर पसरायचा आणि हातानं फोडत गांडुळं वेचायची. अंगावर पट्टा असलेली मोठी वेगळी मोजा, पिल्लं वेगळी. मे महिन्यात मोजून ‘एकही नाही’ असं लिहू नका, तेव्हा ती खोल गेलेली असतात.

दुसरी सोपी गोष्ट जाळीच्या पिशव्यांची. दोन मिलिमीटरच्या नायलॉन जाळीच्या पिशव्यांत बीटीची वाळलेली पानं-काड्या मोजून दहा-दहा ग्रॅम भरा, तशाच बिगर-बीटीच्या, आणि दोन्ही एकाच शेतात दहा सेंटीमीटर खोल पुरा. महिन्यानं काही काढा, दोन महिन्यांनी काही, तीन महिन्यांनी उरलेल्या. धुऊन, वाळवून वजन करा. काळी माती काडीच्या रेषांत अशी बसते की कधीकधी वजन कमी होण्याऐवजी वाढलेलं दिसतं. म्हणून वजनानंतर तो कचरा प्रयोगशाळेच्या भट्टीत जाळून राख मोजावी लागते. राख जास्त आली तेवढी माती, ती वजा करायची. भट्टी कोणत्याही कृषी महाविद्यालयात असते.

मातीतले बारीक किडे बघायचे असतील तर प्लास्टिकची बाटली कापून नरसाळं करा, तोंडाशी जाळी, जाळीवर माती, वर बल्ब आणि खाली अल्कोहोलची वाटी. वरून माती वाळत जाते तसे स्प्रिंगटेल आणि कोळीकीटक खाली सरकत वाटीत पडतात. बल्ब कमी वॅटचा ठेवा, घाई केली तर ते वरच मरतात.

प्रयोगशाळेकडून करून घ्यायचं

नेहमीच्या १२ घटकांसाठी जिल्ह्याची माती परीक्षण प्रयोगशाळा पुरते. जिवाणूंच्या हालचालीसाठी मला डीहायड्रोजिनेज ही चाचणी नवख्यांसाठी चांगली वाटते. ओल्या मातीत टेट्राझोलियमचं रंगहीन द्रावण घालून नळी अंधारात उबेला २४ तास ठेवतात. जिवंत जिवाणू ते वापरतात तसा लाल रंग तयार होतो, तो मिथेनॉलमध्ये उतरवून मोजतात. जिवंत मातीची नळी गडद लाल, मेलेल्या मातीची फिकी. शेतकऱ्यांना दाखवायला याइतकी चांगली चाचणी नाही. आकडा मात्र ओल्या मातीवर काढू नका. त्याच मातीचा एक भाग १०५ अंशांवर वाळवून ओलावा काढा आणि कोरड्या वजनावर हिशेब करा.

प्रथिनाची चाचणी एलायझानं (प्रतिपिंडं वापरून प्रथिन मोजण्याच्या पद्धतीनं) होते, पण इथं दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं, चिकणमातीला धरलेलं प्रथिन नेहमीच्या द्रावणानं नीट सुटत नाही. ‘आढळलं नाही’ म्हणजे नव्हतं की सुटलं नाही? म्हणून प्रयोगशाळेला सांगा की बिगर-बीटी मातीत ठरावीक प्रथिन मुद्दाम मिसळून त्यातलं किती परत मिळतं ते आधी दाखवा. शंभरातले दहाच परत मिळत असतील तर तो अहवाल काळ्या मातीसाठी कामाचा नाही. दुसरं, बॅसिलस थुरिंजिएन्सिस हा मुळात मातीतलाच जिवाणू आहे, शिवाय जैविक कीटकनाशक म्हणून फवारलाही जातो. मातीत क्राय प्रथिन किंवा त्याचं जनुक सापडलं म्हणजे ते कपाशीतूनच आलं असं होत नाही. पीसीआर (डीएनएच्या तुकड्याच्या प्रती वाढवून तो ओळखण्याची चाचणी) करायचं तर घातलेलं जनुक आणि कपाशीचा स्वतःचा डीएनए जिथं जोडलेला असतो तो सांधा ओळखणारंच करा.

चोर बीटीच्या शेतात प्रथिनापेक्षा ग्लायफोसेट हे तणनाशक आणि त्याच्या विघटनातून होणारं एएमपीए तपासणं जास्त उपयोगाचं. देशात ग्लायफोसेटची शिफारस चहाच्या मळ्यांसाठी आणि पीक नसलेल्या जमिनीसाठी आहे, कपाशीसाठी नाही. ही तपासणी महाग असते, तेव्हा सगळे नमुने न पाठवता फवारणीआधीचा आणि नंतरचा असे निवडक पाठवा.

आकडे हातात आल्यावर

प्रत्येक वेळी काही पिशव्यांतली माती दोन भाग करून वेगळ्या आकड्यांनी पाठवा. समजा एकाच मातीचे दोन निकाल ०.४८ आणि ०.५५ टक्के कर्ब असे आले, तर तुमच्या बीटी आणि बिगर-बीटी शेतांतला ०.०७ चा फरक काहीच सांगत नाही. तो चाचणीचाच गोंधळ आहे. मग सगळ्या बीटी शेतांची सरासरी एकीकडे आणि बिगर-बीटीची दुसरीकडे असं करू नका. जोडीजोडीनं वजाबाकी करा आणि बहुतेक जोड्यांत फरक एकाच दिशेला आहे का ते बघा. सांख्यिकी शिकवणाऱ्या सरांना खड्डे खणण्याआधी भेटा, नंतर भेटून ते फारसं वाचवू शकत नाहीत.

फरक दिसलाच तर फवारणीची वही उघडा, खतांची उघडा, मागच्या तीन वर्षांत त्या वावरात काय होतं ते विचारा. फरक नाही दिसला तर ‘परिणाम नाही’ असं न लिहिता ‘एवढ्या जोड्यांत, एवढ्या हंगामांत, या चाचण्यांत फरक आढळला नाही’ असं लिहा. पहिल्या वर्षी बहुधा हेच लिहावं लागतं. कपाशीचे हंगाम एकसारखे नसतात, एका वर्षी जूनमध्ये दांडी मारणारा पाऊस दुसऱ्या वर्षी वेचणीला येतो. त्यामुळे निदान तीन हंगाम तरी त्याच वावरांत जा. मधल्या वर्षी शेतकऱ्यानं तूर किंवा सोयाबीन घेतलं तरी नमुना चुकवू नका. बीटी नसलेल्या वर्षी माती कुठं जाते हेही त्यातून कळतं.

दर वर्षी प्रत्येक शेताची अर्धा किलो माती सावलीत वाळवून, घट्ट झाकणाच्या बरणीत, सांकेतिक आकडा आणि तारीख घालून ठेवून द्या. ती जिवाणूंच्या किंवा प्रथिनाच्या चाचणीला चालणार नाही. पण कर्ब, क्षार किंवा जड धातू यांची शंका पाच वर्षांनी कुणी काढली, तर पहिल्या वर्षाची माती त्याला तपासता येईल.